झऱ्याचं पाणी आणि लॅमिनेट केलेला रिपोर्ट

पाण्याचा रिपोर्ट ही लॅमिनेट करून भिंतीवर टांगायची वस्तू नाही. आपल्याकडे मात्र तो तसाच टांगलेला असतो. सोसायटीच्या ऑफिसात, पाण्याच्या जारच्या दुकानात, टेकडीवरच्या कुंडाशेजारी. खाली प्रयोगशाळेचा शिक्का, मध्ये ‘पिण्यास योग्य’ हे शब्द आणि कोपऱ्यात तारीख. ती तारीख सहसा कोणी वाचत नाही. मी वाचतो. बहुतेक वेळा ती दोन-तीन वर्षांपूर्वीची असते, आणि महिना डिसेंबर किंवा जानेवारी असतो. हा महिना लक्षात ठेवा, पुढे त्याच्याबद्दल बोलायचं आहे.

आजचा विषय नेहमीच्या शुगर-बीपीपेक्षा वेगळा वाटेल, पण तो माझ्या दवाखान्यातूनच आला आहे. जुलै-ऑगस्टमध्ये कावीळ, टायफॉइड आणि जुलाबाचे रुग्ण वाढतात, तेव्हा मी प्रत्येकाला विचारतो, पाणी कुठलं पिता? उत्तरं ठरलेली असतात. नळाचं, टँकरचं, बोअरचं, जारचं. आणि मग काही जण जरा अभिमानाने सांगतात, “आम्ही झऱ्याचं आणतो डॉक्टर. टेकडीवरनं. गोड पाणी आहे, बारा महिने वाहतं, आजवर कुणाला काही झालं नाही.” सकाळी फिरायला जाताना पाच लिटरचा कॅन घेऊन जाणारे, दुचाकीच्या पुढ्यात वीस लिटरचा जार ठेवून आणणारे, असे बरेच लोक माझ्या ओळखीचे आहेत.

या एका वाक्यात तीन दावे आहेत. गोड आहे, बारा महिने वाहतं, कुणाला काही झालं नाही. तिन्ही दाव्यांचा शुद्धतेशी काही संबंध नाही. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात तर त्यातला दुसरा दावा, बारा महिने सारखं वाहण्याचा, मला सर्वांत जास्त संशयास्पद वाटतो.

आधी चवीचं बघू. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर पटकीची साथ आली. डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यूंची नोंद करत ती एका हातपंपापर्यंत आणून पोहोचवली, ही गोष्ट तुम्ही कदाचित ऐकली असेल. तिचा एक भाग कमी सांगितला जातो. त्या पंपापासून बऱ्याच अंतरावर, हॅम्पस्टेडला राहणारी एक वृद्ध विधवा त्या साथीत गेली. तिच्या भागात पटकी नव्हती. स्नो यांनी चौकशी केली तेव्हा कळलं की तिला ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची चव आवडायची, म्हणून ती रोज तिथून बाटलीभर पाणी मागवत असे. पाण्याची चव त्यात विरघळलेल्या क्षारांवर अवलंबून असते. जंतूंना चव नसते. नायट्रेटलाही चव नसते, आणि क्रोमियम जिभेला कळेपर्यंत मर्यादा कितीतरी पट ओलांडलेली असते.

आता झरा म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आपल्या भागात जमिनीखाली लाव्हाचे थर एकावर एक रचलेले आहेत. काही थर घट्ट काळ्या कातळाचे, काही भोकंभोकं असलेले, झिजून मुरमाड झालेले. पावसाचं पाणी मुरमाड थरात आणि भेगांत साठतं. खाली घट्ट कातळ लागला की ते आडवं सरकतं, आणि टेकडीच्या उतारावर तो थर जिथे उघडा पडतो तिथे बाहेर येतं. तोच झरा. नदीकाठच्या जाड वाळूत पाणी हळूहळू गाळलं जातं. आपल्या कातळातल्या भेगेत तसं गाळलं जाण्याची खात्री नाही. वर टेकडीच्या माथ्यावर जे जमिनीत गेलं, ते पुष्कळदा जसंच्या तसं खाली येतं. आपल्या जुन्या लोकांना हे पाणी ओळखता येत होतं. घोरवडेश्वरला कातळात खोदलेली पाण्याची टाकी पाहा. तेव्हा टेकडीच्या माथ्यावर वस्ती नव्हती, शोषखड्डे नव्हते, भंगारची गोदामं नव्हती. पाणी तेच, कातळ तोच, वरची जमीन मात्र बदलली.

आणि किती बदलली! पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये आली. १९६० च्या दशकात एमआयडीसी आली, मग वाहनांचे मोठे कारखाने, त्यांना सुटे भाग पुरवणारे हजारो लहान कारखाने, त्यात प्लेटिंगवाले, रंगवाले, तेल-ग्रीसवाले. पुढे हाच पसारा चाकण, म्हाळुंगे, निघोजे, कुरुळीपर्यंत गेला. वस्ती त्याहून वेगाने वाढली आणि मैलापाण्याच्या वाहिन्या तिच्या मागे धापा टाकत राहिल्या. चिखली-कुदळवाडीतली भंगारची गोदामं फेब्रुवारी २०२५ मध्ये पाडली गेली. जमीन तिथेच आहे. तिच्यावर वर्षानुवर्षं काय सांडलं आणि ते किती खोल गेलं, याची मोजणी पाडकामाच्या बातमीत नसते.

इंद्रायणीवर आळंदीला फेस आला की दरवर्षी वर्तमानपत्रात फोटो येतो. यायलाच हवा. झरा मात्र फेसाळत नाही, त्यामुळे त्याचा फोटो येत नाही. तो स्वच्छ, थंड, नितळ दिसतो. कातळातून आलेलं पाणी नितळच असतं, त्यात काय विरघळलंय ते डोळ्याला दिसत नाही.

एक बाटली, एक आकडा

मग माणूस पाणी तपासून घेतो. चांगली गोष्ट आहे. पण कसं? घरातली कोल्ड्रिंकची रिकामी बाटली विसळतो, भरतो, दोन दिवस गाडीच्या डिकीत ठेवतो आणि सोमवारी प्रयोगशाळेत देतो. जंतूंसाठीचा नमुना निर्जंतुक बाटलीत, बर्फात ठेवून, शक्यतो सहा तासांत आणि काही झालं तरी चोवीस तासांच्या आत पोहोचायला हवा. धातूंसाठी वेगळी बाटली लागते, त्यात प्रयोगशाळाच आम्ल घालून देते, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतात आणि रिपोर्टात कमी दिसतात. पाण्याचं तापमान आणि पीएच तर झऱ्यावरच मोजायचे असतात. डिकीतल्या बाटलीचा रिपोर्ट हा झऱ्याचा कमी आणि डिकीचा जास्त असतो.

समजा, नमुना नीट घेतला. तरी तो एका दिवसाचा आहे. आता डिसेंबर-जानेवारीबद्दल. आपल्या झऱ्यांची दोन वाईट वेळ असतात. पहिली, जून-जुलैतला पहिला जोरदार पाऊस. वरच्या जमिनीवर आठ महिने साचलेलं सगळं, म्हणजे मैला, शेण, खत, गोदामाच्या अंगणातली घाण, त्या पाण्याबरोबर खाली येतं. जंतू शोधायचे तर ते या वेळी, मोठ्या पावसानंतर एक-दोन दिवसांत. दुसरी वेळ एप्रिल-मे. तेव्हा धार बारीक होते, पातळ करायला पाणी उरत नाही, आणि वरून काही सतत झिरपत असेल, शोषखड्डा असो की प्लेटिंगचं पाणी, तर त्याचा दाटपणा वाढतो. डिसेंबर-जानेवारीत यातलं काहीच नसतं. पावसाने धुऊन निघालेलं असतं, धार अजून बरी असते, थंडीत जंतूही कमी. झऱ्याचा वर्षातला सर्वांत देखणा फोटो काढायचा असेल तर हाच महिना. लॅमिनेट केलेले रिपोर्ट याच महिन्याचे का असतात, ते मी तुमच्यावर सोडतो.

माझा खरा आक्षेप याच्या पुढचा आहे. रिपोर्टात पाण्यात काय आहे ते लिहितात, पण त्या दिवशी पाणी किती वाहत होतं हे कोणीच लिहीत नाही. डॉक्टर म्हणून मला हे विचित्र वाटतं. अ‍ॅडमिट केलेल्या रुग्णाच्या लघवीत किती प्रथिनं जातात हे पाहताना आम्ही चोवीस तासांची लघवी जमा करायला का सांगतो? कारण एका नमुन्यातला आकडा रुग्णाने किती पाणी प्यायलं त्यावर वरखाली होतो. एकूण किती गेलं हे कळायचं तर लघवी किती झाली तेही हवं. झऱ्याचंही तेच आहे.

एक हिशोब करू. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत. ऑगस्टमध्ये एक झरा मिनिटाला ३० लिटर वाहतो आणि नायट्रेट लिटरला ५० मिलिग्रॅम आहे. मे महिन्यात तोच झरा मिनिटाला ३ लिटर वाहतो आणि नायट्रेट ७० मिलिग्रॅम. भारतीय मानकात मर्यादा ४५ आहे आणि तिच्यात सवलत नाही. नुसता रिपोर्ट वाचणारा म्हणेल, मे महिना वाईट, ऑगस्ट जरा बरा. आता गुणाकार करा. ऑगस्टमध्ये दिवसाला ४३,२०० लिटर पाणी आणि त्यातून २ किलोहून जास्त नायट्रेट बाहेर पडतंय. मे महिन्यात ४,३२० लिटर, म्हणजे जेमतेम ३०० ग्रॅम. पावसाळ्यात सातपट जास्त माल वरून धुऊन येतोय! याचा अर्थ वर कुठेतरी मोठा साठा आहे आणि पाऊस त्याला खाली ढकलतोय. २ किलोभर नायट्रेटमध्ये साधारण ४९० ग्रॅम नायट्रोजन असतो. एक माणूस लघवीतून दिवसाला साधारण १०-१२ ग्रॅम नायट्रोजन टाकतो. म्हणजे चाळीस-पंचेचाळीस माणसांचा रोजचा हिशोब त्या धारेतून वाहतोय, आणि वाटेत बराच नायट्रोजन मातीत आणि झाडांत अडकतो हे धरलं तर त्याहून जास्त माणसांचा. आता टेकडीवर जाऊन शोधायचं काय हे तुम्हाला कळलं. नुसत्या ५० आणि ७० या आकड्यांतून ते कधीच कळलं नसतं.

धार मोजायला यंत्र लागत नाही. दहा लिटरची बादली आणि मोबाईलमधलं घड्याळ. बादली ४० सेकंदांत भरली तर मिनिटाला १५ लिटर. तीनदा भरायची, सरासरी काढायची. पाणी पसरून येत असेल तर दगड-मातीचा छोटा बांध घालून त्यात पाइपचा तुकडा बसवायचा. दर पंधरा दिवसांनी, ठरलेल्या वारी. मागच्या दोन दिवसांत पाऊस झाला का, तेही लिहायचं. सोबत कंडक्टिव्हिटी मीटर बुडवायचा, तो दोन-तीन हजारांत चांगला मिळतो. तापमान लिहायचं. एवढंच. महागड्या तपासण्या वर्षातून दोन-तीनदा, त्या दोन वाईट वेळी नक्की.

बारा महिने सारखं वाहणारं पाणी

आता त्या अभिमानाच्या वाक्याकडे येतो. टेकडीचा झरा पावसावर जगतो. त्यामुळे तो पावसाळ्यात फुगला पाहिजे आणि उन्हाळ्यात आटला पाहिजे. चांगल्या झऱ्यात हा फरक कमी असतो, पण असतो. शहरातला एखादा झरा मे महिन्यातही ऑगस्टइतकाच वाहत असेल तर नमस्कार करण्याआधी मनात शंका यावी, की हे पाणी पावसाचं नसेल. ते फुटलेल्या जलवाहिनीचं असेल, किंवा मैलावाहिनीचं.

हे ओळखायला कंडक्टिव्हिटी आणि क्लोराइड मदत करतात. पवना धरणाचं नळाचं पाणी हलकं असतं, त्यात क्षार कमी. आपल्या कातळातलं पाणी त्याच्या काही पट जड असतं, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट जास्त. झऱ्याचं पाणी नळाइतकं हलकं निघालं आणि त्यात क्लोरीनचा मागमूस असला, तर महापालिकेच्या पाण्याची गळती समजा. उलट क्लोराइड, नायट्रेट, अमोनिया तिन्ही चढलेले असले तर मैला. क्लोराइडचं कारण अगदी घरगुती आहे. आपण खाल्लेलं मीठ शरीरात राहत नाही, लघवीतून जातं. माती ते धरून ठेवत नाही, जंतू ते खात नाहीत, ते पाण्याबरोबर चालत राहतं. बेसॉल्टच्या पाण्यात मुळात क्लोराइड कमी असतं, म्हणून ते वाढलं की माणूस जवळ आहे असं समजावं. मानकातली मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे, त्यामुळे २० वरून १२० वर गेलेला आकडाही रिपोर्टात ‘योग्य’ म्हणून येतो. प्रयोगशाळेची चूक नाही, तिला मागचा २० माहीत नसतो. तुमच्या वहीत तो असेल तर तुम्हाला कळेल.

गळक्या जलवाहिनीचं पाणी पिण्यात काय वाईट, असं कोणी म्हणेल. आपल्याकडे नोव्हेंबर २०१९ पासून पाणी दिवसाआड येतं. वाहिनी रिकामी असते तेव्हा ज्या भोकातून पाणी बाहेर पडतं त्याच भोकातून बाहेरचं आत शिरतं. दोन्ही टोकांना नुकसान.

टीडीएस मीटरची पूजा

इथे जरा विषयांतर. घरोघरी हल्ली खिशातला टीडीएस मीटर आहे. आरओ विकायला आलेला मुलगा तो ग्लासात बुडवतो, आकडा दाखवतो, आणि समोरचं कुटुंब घाबरतं. टीडीएस म्हणजे एकूण विरघळलेले क्षार. कुठले, ते तो सांगत नाही. क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. पाण्याचा टीडीएस ३५० असेल आणि क्रोमियम मर्यादेच्या दहापट झालं, तर मीटरवर ३५० चे ३५१ होतील. ई. कोलाय कितीही असले तरी आकडा हलणार नाही. झऱ्याच्या वहीत हाच मीटर उपयोगी पडतो, कारण तिथे आपण आकडा किती बदलला हे पाहतो. ग्लासात बुडवून पाणी शुद्ध की अशुद्ध हे ठरवायला तो निरुपयोगी आहे. ४० टीडीएसचं पाणी पिऊन कावीळ झालेले रुग्ण माझ्याकडे आलेले आहेत.

क्रोमियमचं नाव घेतलं म्हणून थोडं त्याबद्दल. प्लेटिंगमध्ये वापरतात ते षट्संयुजी क्रोमियम पाण्यात सहज विरघळतं आणि दूरवर जातं. प्लेटिंग खात्यात बरीच वर्षं काढलेल्या कामगारांच्या नाकाच्या पडद्याला भोक पडतं, हातावर न भरणारे खोल व्रण होतात, हे जुन्या पुस्तकांतही लिहिलेलं आहे. श्वासातून गेलं तर फुफ्फुसाचा कर्करोग होतो हे पक्कं आहे. पाण्यातून पोटात गेल्यावर प्राण्यांच्या प्रयोगांत तोंडात आणि लहान आतड्यात गाठी झाल्या. तामिळनाडूत राणीपेटला क्रोमियमची रसायनं बनवणारा कारखाना १९९० च्या दशकात बंद पडला. कारखाना गेला, कचऱ्याचा ढीग राहिला आणि भूजलात क्रोमियम उतरत राहिलं. आपल्याकडे तसं झालंय असं मी म्हणत नाही. मी विचारतोय, झालंय की नाही हे सांगू शकेल अशी, प्लेटिंगवाल्या वस्तीच्या खालच्या उताराच्या एका तरी झऱ्याची पाच वर्षांची नोंद कोणाकडे आहे?

आणि कारखानदारांवर बोट दाखवताना हेही सांगतो. क्लोराइड, नायट्रेट आणि ई. कोलाय एकत्र सापडले तर दोषी कंपनी नसते, आपण असतो. आपल्या सोसायटीचा शोषखड्डा, आपल्या चाळीची तुंबलेली टाकी. मोजलं की दोन्ही बाजूंची सोय संपते, म्हणून मोजायला कोणी उत्सुक नसतं.

“आम्ही पितच नाही”

हे उत्तर मला बऱ्याचदा मिळतं. अधिकारी म्हणतात, तिथे ‘पिण्यास अयोग्य’ अशी पाटी लावली आहे. रहिवासी म्हणतात, आम्ही फक्त हातपाय धुतो, झाडांना घालतो. विषय मिटला.

मिटत नाही. झरा म्हणजे कातळातल्या पाण्याचा फुकट नळ आहे. ज्या थरातून तो येतो, त्याच थरात तुमच्या सोसायटीचं बोअर गेलेलं असू शकतं, टँकर भरणाऱ्याची विहीरही. झरा बिघडला याचा अर्थ तो थर बिघडला. बोअरचा नमुना घ्यायला पंप, वीज आणि सेक्रेटरीची परवानगी लागते. झरा दिवसरात्र स्वतःहून नमुना देत असतो. त्याच्यावर पाटी लावून निघून जाणं म्हणजे ताप आलेल्या मुलाच्या काखेतला थर्मामीटर काढून खिशात टाकणं. त्याहून वाईट म्हणजे पाइप टाकून झरा गटारात सोडणं आणि वर पेव्हिंग ब्लॉक बसवणं. तेही सर्रास होतं, सुशोभीकरण या नावाने.

जबाबदारी कोणाची? महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ नद्यांचे नमुने घेतं, कारखान्यांचं सांडपाणी तपासतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, जिचं मुख्यालय पुण्यातच आहे, निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते. ग्रामपंचायतीत जलसुरक्षक असतो, सार्वजनिक स्रोतांची एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये पाहणी होते आणि गावाला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. महापालिका तिच्या नळाचं पाणी तपासते. शहराच्या आणि औद्योगिक क्षेत्राच्या हद्दीतला झरा या सगळ्यांच्या मधल्या फटीत पडतो. तो नदी नाही, विहीर नाही, योजना नाही, आणि त्याचं बिल कोणी भरत नाही.

गंमत अशी की झरे कसे मोजावेत हे शिकवणारे लोक आपल्या शेजारीच आहेत. अ‍ॅक्वाडॅम ही भूजलावर काम करणारी पुण्याची संस्था. सिक्कीम सरकारने २००८ मध्ये झरे वाचवण्यासाठी ‘धारा विकास’ कार्यक्रम सुरू केला, त्यात या संस्थेच्या भूशास्त्रज्ञांचं काम आहे. तिथे गावकरी झऱ्याची धार बादलीने मोजतात, वहीत लिहितात, आणि कुठल्या डोंगरावर चर खणायचे हे त्यावरून ठरतं. इकडे बावधनला राम नदीकाठचा जिवंत झरा बांधकामापासून वाचवायला नागरिकांना आणि याच अभ्यासकांना झगडावं लागलं. सिक्कीमच्या डोंगरात जमतं ते चाकणच्या टेकडीवर जमत नाही, असं कोणतंही तांत्रिक कारण नाही.

नोंद खोटी असेल तर काय होतं तेही सांगून ठेवतो, नाहीतर वही ठेवली की काम झालं असं वाटेल. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातलं वॉकर्टन, जेमतेम पाच हजार वस्तीचं गाव. मे २००० मध्ये मुसळधार पाऊस झाला आणि जवळच्या शेतातलं शेण एका उथळ विहिरीच्या पाण्यात उतरलं. ७ माणसं गेली, २,३०० हून अधिक आजारी पडली. चौकशीत निघालं की क्लोरीनचे आकडे रोज मोजून लिहायचे, ते वर्षानुवर्षं मनानेच लिहिले जात होते. वही सुंदर भरलेली होती.

आपल्याकडची ताजी आठवण जानेवारी २०२५ ची आहे. पुण्यात सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात गिलन-बारे सिंड्रोमची साथ आली, संशयित रुग्ण दोनशेच्या वर गेले, काही आपल्या पिंपरी-चिंचवडमधलेही होते. अनेक रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जुलाबाचा साधा जंतू सापडला. या जंतूचे जुलाब झालेल्या साधारण हजारात एकाला नंतर हा आजार होतो, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्या नसांवर उलटते, पायांतली ताकद जाते, काहींना व्हेंटिलेटर लागतो. फेब्रुवारीत त्या भागातले सुमारे तीस खासगी पाणीप्रकल्प पुणे महापालिकेने बंद केले. साथ आल्यावर तपासणी झाली. तपासणी आधी होत असती तर काय, हा प्रश्न मी रागाने विचारतोय, आणि तुम्हीही विचारावा.

आता तुमच्या घरापुरतं

झऱ्याची वही सुरू होईल तेव्हा होईल, तोपर्यंत काही गोष्टी पाळा. झऱ्याचं पाणी कच्चं पिऊ नका, तीर्थ म्हणूनही लहान मुलांना देऊ नका. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट आणि धातू जात नाहीत. उलट पाणी आटल्याने ते थोडे दाट होतात. टीसीएल पावडर टाकली तरी हेच. यूव्हीचा दिवा रसायनांना काही करत नाही.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आईचं दूधच हवं, वरचं पाणी नको. काही कारणाने पावडरचं दूध द्यावं लागत असेल तर ते झऱ्याच्या किंवा न तपासलेल्या बोअरच्या पाण्यात कधीही कालवू नका. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवात डॉ. हंटर कॉमली यांनी विहिरीच्या पाण्यातल्या नायट्रेटमुळे निळ्या पडलेल्या तान्ह्या बाळांचं वर्णन केलं. नायट्रेटपासून बनलेलं नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजन वाहण्यालायक ठेवत नाही. बाळाचे ओठ, नखं निळसर-राखाडी दिसतात आणि ऑक्सिजन लावूनही रंग सुधारत नाही. असं दिसलं तर घरी काही न करता थेट रुग्णालय गाठा आणि कुठलं पाणी वापरलं ते डॉक्टरांना न विचारता सांगा. उपचार आहे, वेळेत द्यावा लागतो. जुलाब झाल्यावर आठ-दहा दिवसांनी किंवा दोन-तीन आठवड्यांनी पायांत मुंग्या, जिना चढताना गुडघे दुमडणं, असं वाटलं तर अशक्तपणा समजून थांबू नका. त्याच दिवशी दाखवा.

आणि जे रोज सकाळी टेकडीवर जाता, त्यांना एक काम. कॅन घरी ठेवा, बादली न्या. शंभर पानी वही घ्या. तारीख, वेळ, बादली किती सेकंदात भरली, कंडक्टिव्हिटी, तापमान, पाऊस झाला का, वास किंवा रंगात बदल. दोन माणसांनी सह्या करा, म्हणजे मनाने आकडे लिहिले जाणार नाहीत. झरा बंद करायला किंवा वळवायला कोणी आलं तर त्या दिवशीचा फोटो काढून वहीत चिकटवा. हरित लवादापुढे उभं राहायचं तर हळहळ चालत नाही, तारखेनिशी आकडे लागतात. पहिला मोठा पाऊस झाल्यावर आणि पुन्हा मे महिन्यात जंतू, नायट्रेट, क्लोराइड, क्रोमियम, निकेल आणि शिसं तपासून घ्या. खर्च पाच-सहा घरांनी वाटून घेतला तर जड जात नाही. ती वही वर्षभर भरली की दवाखान्यात घेऊन या. मला वाचायची आहे, तिचे पैसे घेणार नाही.